नळी धक्क्यावर, हंडे रांगेत

मे महिना सरत आला की कोकणच्या बंदरांत होड्या धुवायला काढतात आणि त्याच आठवड्यांत नळाचं पाणी आटतं. 1 जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागते. त्याआधी हंगामभराचं मीठ, खवले, डिझेलचे ओघळ खरवडून नौका झापांनी शाकारायच्या असतात. धरणांनीही तोवर तळ गाठलेला असतो. 2024 साली मुंबईत 30 मेपासून 5 टक्के आणि 5 जूनपासून 10 टक्के पाणीकपात लागू झाली, ती नेमकी नौका किनाऱ्याला लागायच्या दिवसांत.

अशा दिवसांत धक्क्यावर दिसणारं दृश्य मनाला लागतं. पाऊण इंची नळी होडीच्या फळ्यांवर तशीच सोडलेली असते. खलाशी दुसऱ्या टोकाला खराट्यानं घासत असतो आणि मधलं सगळं पाणी वाहून बंदरात जातं. मिनिटाला पंधरा लिटर धरले तरी अर्ध्या तासात साडेचारशे लिटर झाले, म्हणजे मोठे तीस हंडे. हाकेच्या अंतरावर कोळीवाड्यात त्याच खलाशाची आई किंवा बायको तासभर येणाऱ्या नळापुढे हंडा लावून उभी असते.

यात खलाशाचा आळस शोधू नये. मीठ खरोखरच होडी खातं. खारं पाणी सुकलं तरी मागे उरलेलं मीठ दमट हवेतली ओल ओढून घेतं आणि लोखंड ओलंच राहतं. विंचचे दात, इंजिनाचे नट, बॅटरीची टोकं यांना गोडं पाणी लागतंच. पण तिथं नळी लागत नाही. बालदीभर पाणी, त्यात पिळलेलं फडकं, मग कोरडं फडकं आणि वर तेलाचा हात, एवढ्यात काम होतं. मीठ पुसून काढायचं असतं, ते नुसत्या धारेखाली धरून भागत नाही. बाहेरून बसवायच्या यंत्रालाही गोड्या पाण्याच्या पिंपात थोडा वेळ चालवून आतलं मीठ काढता येतं.

उरलेल्या होडीला, विशेषतः लाकडी होडीला, गोडं पाणी हवंच असं नाही. उलट फळ्यांच्या सांध्यांत ते साचलं की लाकडाला बुरशी धरते आणि फळी कुजते. खाऱ्या पाण्यात ही कूज सहसा धरत नाही. म्हणून तर शाकारलेल्या होडीच्या तळाचं बूच काढून ठेवतात. झापांतून गळलेलं पावसाचं पाणी आत थांबू नये, हा हेतू. कोणाही जुन्या तांडेलाला विचारा, फळ्या धुवायची जागा भर समुद्रात, बंदराकडे वळायच्या आधी. दोरी बांधलेली बालदी खाली सोडायची, खारं पाणी वर ओढायचं आणि रक्त, खवले ओले असतानाच खराटा मारायचा. साध्या साबणाला खाऱ्या पाण्यात फेस येत नाही, पण भांडी घासायच्या पातळ साबणाला येतो. रक्त सुकून चिकटलं की मात्र दुप्पट पाणी आणि तिप्पट अंग लागतं.

मग ही रीत का मोडली? घाई हे एक कारण. धक्क्याला आधी लागेल त्याच्या मासळीला भाव, त्यामुळे परतीच्या वाटेवर धुण्यात वेळ घालवायला कोणी तयार नसतो. दुसरं कारण अधिक गंभीर आहे. एकदा आत आल्यावर बालदी सोडावी असं बंदरातलं पाणी उरलेलं नाही. त्यावर तेलाचा तवंग असतो, त्यात गटारं उतरतात, मासळीची घाणही तिथंच टाकलेली असते. त्या पाण्यानं मासळी-बर्फाचा खण धुणं म्हणजे पुढच्या फेरीची मासळी आधीच नासवणं. युरोपीय संघाच्या 2004 च्या अन्नस्वच्छता नियमांत मासळीला लागणारे भाग पिण्याच्या पाण्यानं किंवा स्वच्छ समुद्राच्या पाण्यानं धुवावेत असं आहे. तिथं ‘स्वच्छ’ या शब्दाला अर्थ आहे, आणि पाणी कुठून ओढायचं याचीही अट आहे. आपली मासळी त्या बाजारात जाते. मग आपल्या धक्क्यावर ‘स्वच्छ समुद्राचं पाणी’ अशी वेगळी सोय का नसावी?

पाणीकपातीच्या दिवसांत धक्क्याचा नळ सरसकट तोडणं आम्हाला मान्य नाही. मासळीचा खण शेवटी गोड्या पाण्यानं खळबळून निघालाच पाहिजे, तो खाणाऱ्याच्या तोंडाशी जोडलेला आहे. पण ज्या दिवशी वस्तीला कपात असते, त्या दिवशी सहलीच्या बोटींची चकाकी राखायला नळी चालू ठेवणं बंद झालं पाहिजे. आणि मासेमारी बंदरांच्या सुधारणेवर जो पैसा खर्च होतो, त्यातून लाटरोधक बांधाच्या बाहेरून पाणी ओढणारा एक पंप, ते गाळणारी एक टाकी आणि धक्क्याच्या कडेनं खाऱ्या पाण्याच्या चार तोट्या बसवता येतात. गोड्या पाण्याच्या नळीला हात सोडताच बंद होणारी तोटी लावायला तर कुठली योजनाही लागत नाही. येत्या मेमध्ये नौका परतण्याआधी निदान ही एक तोटी प्रत्येक धक्क्यावर दिसावी.