सक्तीची समता नको!

मैत्रिणींनो, ‘पोरांना दोन वर्षं सैन्यात धाडा, म्हणजे वळण लागेल,’ हे आपण घरोघरी ऐकतो. दक्षिण कोरियात अशी सक्ती आहेच, पण फक्त पुरुषांवर. सेवा करून आलेल्यांना सरकारी नोकरीच्या परीक्षेत ३ ते ५ टक्के जादा गुण मिळत. अर्ध्या गुणाने निवड हुकते, तिथे स्त्रिया आणि अपंग आपोआप बाहेर! स्त्रियांनी दाद मागितली आणि १९९९ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ही सवलत घटनाबाह्य ठरवली. त्यावर टोमणा आला : ‘मग बायकांनीही बंदूक उचलावी.’

उमेदीची दीड वर्षं मुलांनीच द्यावीत, हा अन्यायच. डेन्मार्कने २०२५ पासून सक्तीच्या भरतीच्या चिठ्ठ्यांत मुलींचीही नावं घातली. पण अन्यायाची दोघांत वाटणी म्हणजे समता का? जिला सैन्यात जायचंय तिला दार खुलं हवंच. सक्ती मात्र कुणावरच नको. मुकाट हुकूम पाळायची शिस्त बायकांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. त्यातून सुटायलाच तर आपण एकत्र आलो ना?