डाव मांडणार कोण?

हल्ली कोणत्याही पालकसभेला जा, शिक्षकांच्या चर्चासत्राला जा, फार काय एखाद्या साखरपुड्याला जा, एक वाक्य हमखास कानी पडते : "मोबाईलवरच्या खेळांनी पोरे वाया गेली." त्यावर सगळ्यांच्या माना डोलतात, आणि माना डोलल्या म्हणजे कर्तव्य संपले अशा समाधानाने मंडळी चहाच्या कपाकडे वळतात. गेली जवळजवळ तीस वर्षे मी चलथाण परिसरात शिक्षकी पेशात आहे. त्यांपैकी शेवटची काही मुख्याध्यापकाच्या खुर्चीत गेली. त्या अनुभवावरून सांगतो, हे वाक्य आळशी आहे. 'खेळ' या एकाच पोत्यात ते गहू, खडे आणि विंचू एकत्र कोंबते, आणि निवडायचे कष्ट नकोत म्हणून सगळे पोतेच उकिरड्यावर फेकते. निवडायचे काम आपले होते. ते मी येथे करू पाहतो. वाचकांनी रागावू नये, आणि रागावलेच तर निदान उत्तर द्यावे.

आधी विंचू बाहेर काढू. पैसे लावून खेळवली जाणारी रमी, तीन पत्ती आणि क्रिकेटचे कागदी संघ हे ते विंचू. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील एका क्लबाच्या खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले होते. त्या एका वाक्याच्या छत्रीखाली पुढे कंपन्यांनी केवढा बाजार मांडला! नामवंत खेळाडू आणि नट जाहिराती करीत राहिले, आणि पंधरवड्याचा पगार त्यात घालवून मुलाच्या फीसाठी मुदत मागणारे बाप माझ्या कचेरीत येऊन खाली मान घालून बसत राहिले. अखेर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा केला. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून ऑनलाइन खेळवला की गुन्हा. खेळवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड. उत्तम झाले. सारीपाट आपल्याकडे घरोघरी होता. घात झाला तो धर्मराजाने पण लावला म्हणून, एवढी साधी गोष्ट कायद्याला कळायला फार वर्षे लागली, इतकेच.

परंतु या कायद्याचे नाव आपल्यापैकी किती जणांनी नीट वाचले? त्याच्या इंग्रजी नावातला पहिला शब्द 'प्रमोशन' आहे, म्हणजे उत्तेजन. नियमन हा शब्द त्यानंतर येतो. पैशाचे खेळ बंद करावेत आणि निर्मळ, शैक्षणिक खेळांना उत्तेजन द्यावे अशी त्याची दोन अंगे आहेत. आपण बंदीचे अंग तेवढे डोक्यावर घेऊन नाचलो. उत्तेजनाचे अंग कोणी वाचलेच नाही, कारण बंदीला फक्त फळ्यावर सूचना लिहावी लागते. उत्तेजनाला माणूस लागतो.

आता खडे. धावा, लपा, गोळी घाला अशा घाईच्या खेळांना मी खडे म्हणतो. २०१९ च्या मार्चमध्ये राजकोटच्या पोलिसांनी पबजी खेळणाऱ्या तरुणांना अटक केली. २०२० च्या सप्टेंबरात केंद्राने त्या खेळावरच बंदी आणली. २०२१ साली तो भारतीय नाव धारण करून परत आला. पोलिसांच्या काठीने पोरांची आवड बदलते असे मानणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा. माझा या खेळांवरचा आक्षेप बंदुकीपेक्षा घड्याळाचा आहे. आई जेवायला हाक मारते, पोर "थांब गं" म्हणते. कारण ते क्षणभर उठले तर मेले. खेळ पोराच्या हाती नसतो, पोर खेळाच्या हाती असते.

उरले गहू. पाळीपाळीने खेळायचे खेळ. तुझी खेळी, मग माझी. माझी खेळी होईपर्यंत तू थांबायचे, आणि थांबताना विचार करायचा. बुद्धिबळ हा त्यांतला आपल्या घरचा खेळ. तो समोरासमोर बसूनच खेळावा लागतो असे कोणी म्हणेल, तर त्याला इतिहास ठाऊक नाही. १८२४ ते १८२८ या काळात लंडन आणि एडिंबरो ही शहरे टपालाने खेळली. त्याच सुमारास आपल्याकडे मद्रास आणि हैदराबाद यांच्यात पत्रांतून डाव झाले आणि ते १८२९ साली मद्रासेत पुस्तकरूपाने छापले गेले. १९९९ साली कास्पारोव्ह एकीकडे आणि ७५ हून अधिक देशांतले ५० हजारांवर लोक दुसरीकडे असा एक डाव इंटरनेटवर झाला. दर खेळीला २४ तास मिळत. लोक चर्चा करीत, मतदान करीत, बहुमताची खेळी पटावर जाई. चार महिन्यांनी ६२ व्या खेळीवर जग हरले, पण लढून हरले. दोनाहून अधिक भिडू हवे असतील तर फ्रीसिव्ह आहे. डेन्मार्कमधल्या आर्हुस विद्यापीठातील तीन विद्यार्थ्यांनी १९९५ साली तो रचायला घेतला. फुकट आहे, शाळेच्या जुन्या संगणकावरही चालतो. प्रत्येकाने आपापले राज्य वसवायचे, तह करायचे, मोडायचे. आणि ठरवले तर दिवसाला एकच फेरी ठेवायची. इतिहासाच्या तासाला तह म्हणजे काय हे शिकवताना माझा घसा जितका बसला, तितका तो हा खेळ दाखवल्यावर बसला नाही.

आता चलथाणकडे वळतो, कारण माझा मुद्दा पुस्तकी नाही. आमच्या गावाला साखर कारखाना आहे, शेजारी कडोदरा आणि पलसाण्याच्या गिरण्या आहेत, आणि ताप्ती व्हॅलीच्या गाडीने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरहून आलेली खानदेशी कुटुंबे आहेत. लूमवर बारा तासांची पाळी असते. बापाची पाळी दिवसा असली तर मोबाईल त्याच्या खिशात. रात्रीची असली तर तो दिवसा झोपलेला आणि मोबाईल उशाशी. पुष्कळ घरांत फोन एकच. त्या घरातल्या मुलाला घाईचा खेळ परवडत नाही. खेळलाच तर बापाची झोप मोडून किंवा दुसऱ्याच्या फोनला चिकटून. पण दिवसाला एक खेळी? ती बाप कामावरून आल्यावर, तो हातपाय धुतो तेवढ्या वेळात होते. बाकीचा डाव डोक्यात चालतो, शाळेच्या वाटेवर चालतो. बापाची पाळी आणि पोराची पाळी एकाच घरात सुखाने नांदू शकतात.

दुसरे उदाहरण उसाच्या कोयत्यांचे. दिवाळी झाली की डांग, नवापूर, धुळ्याकडची कुटुंबे तोडीला येतात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांची मुले पटावर येतात आणि पटावरून जातात. इथे पट म्हणजे हजेरीचा पट. कबड्डीच्या संघात अशा मुलाला कोणी घेत नाही. अर्ध्या हंगामात जाणारा भिडू कोणाला हवा? पण पाळीच्या खेळातला भिडू गावी गेला म्हणून डाव मोडत नाही. त्याची खेळी फोनवरून येते, फोन नसेल तर पोस्टकार्डावर येते. टपाली बुद्धिबळात तर खेळी नुसत्या चार आकड्यांत लिहितात : उभ्या पट्ट्यांना डावीकडून एक ते आठ, आडव्या रांगांना खालून एक ते आठ. पांढऱ्या राजापुढचे प्यादे दोन घरे सरकले की ५२५४. हे मराठी नाही, गुजराती नाही, अहिराणी नाही, आणि तिन्ही बोलणाऱ्या पोरांना सारखेच कळते.

आमच्या शाळेत आम्ही हा प्रयोग केला. लीचेस नावाचे फुकट आणि बिनजाहिरातीचे संकेतस्थळ २०१० पासून चालू आहे. तिथे शिक्षकाला वर्गाची खाती उघडून देता येतात आणि एका खेळीला एक दिवसापासून चौदा दिवसांपर्यंत मुदत ठेवता येते. आम्ही तीन दिवस ठेवली. बारा मुलेमुली होत्या. कोण जिंकले हे सांगण्यात मला रस नाही. कारण शिकवण्याजोगे जे घडले ते पटाबाहेर घडले. पहिल्याच महिन्यात एकाने हरायला लागल्यावर खेळी पाठवणे बंद केले. मैदानात याला रडीचा डाव म्हणतात आणि चारजण त्याची कॉलर धरतात. इथे काय करायचे? मुलांची सभा बसली. आजारी पडला तर किती दिवस? गावी गेला तर? घरातला रिचार्ज संपला तर तो गुन्हा की अडचण? नववीतली एक मुलगी पंच झाली. तिने एका पानावर सात नियम लिहिले, आणि पहिलाच नियम असा होता की सोडायचा असेल तर सांगून सोडावा. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मी यापेक्षा चांगले वाक्य पाहिलेले नाही.

हे पोरखेळ वाटत असेल तर २०२० सालचे ऑनलाइन ऑलिंपियाड आठवा. साथीमुळे देशोदेशीचे खेळाडू घरून खेळत होते. भारताचा कर्णधार आमच्या शेजारच्या नाशिकचा विदित गुजराथी. उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाच्या खेळाडूचा संपर्क तुटला, डाव गेला, तक्रार फेटाळली गेली आणि आर्मेनियाने रागाने पुढची लढत सोडली. अंतिम फेरीत रशियाविरुद्ध निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचा संपर्क तुटला. भारताने तक्रार केली आणि दोन्ही देशांना सुवर्णपदक विभागून मिळाले. आपण फटाके वाजवले. पण आर्मेनियाच्या जागी आपण असतो तर काय म्हणालो असतो? जागतिक संघटनेला जो प्रश्न धड सोडवता आला नाही, तोच आमच्या नववीतल्या पंचापुढे होता. म्हणून म्हणतो, असल्या खेळात खेळणाऱ्याइतकेच मोल डाव मांडणाऱ्याचे असते.

आता दोन आक्षेप. पहिला : मुले संगणकाला विचारून खेळी पाठवतील. पाठवतील. म्हणून आम्ही बक्षीस ठेवले नाही आणि खेळीची वही ठेवली. प्रत्येक खेळीपुढे 'का' याचे एक वाक्य लिहायचे, आणि पंचाने विचारले तर वही मिटून तोंडी सांगायचे. यंत्र उंट कुठे न्यायचा ते सांगेल. तो का नेला हे पोराला स्वतःच्या तोंडाने सांगावे लागते. तिथे उसने शहाणपण टिकत नाही. निबंधाच्या वह्या तपासताना आपण एवढी तरी दक्षता घेतो काय?

दुसरा आक्षेप आमच्या सुखवस्तू पालकांचा : "यातून ग्रँडमास्टर होईल का?" २०२५ च्या जुलैत दिव्या देशमुख बाटुमीत महिलांचा विश्वचषक जिंकली, तेव्हापासून हा प्रश्न वाढला आहे. माझे उत्तर सरळ आहे : बहुधा नाही. पण ग्रँडमास्टर जिथून येतात ती जमीन कोणी तरी नांगरलेली असते. सांगलीचे भाऊसाहेब पडसलगीकर स्वतःच्या खेळीसाठी आज कोणाला आठवत नाहीत. ते आठवतात ते नूतन बुद्धिबळ मंडळासाठी, वर्षानुवर्षे मांडलेल्या स्पर्धांसाठी. त्यांच्यासारखी माणसे प्रत्येक तालुक्याला एकेक होती. कोणी नाटक बसवी, कोणी कुस्त्यांचा आखाडा भरवी, कोणी हस्तलिखित काढी. ती जागा आपण मोकळी सोडली. मोकळ्या जागी कंपन्या आल्या. त्यांनी डाव मांडला, पंच त्यांचे, नियम त्यांचे, गल्लाही त्यांचा. आणि आता आपण पोरांना विचारतो, "तुम्ही तिकडे का गेलात?"

दिवाळी अंकांतून वाचनसंस्कृतीच्या निधनाचे मृत्युलेख लिहिणाऱ्या माझ्या साहित्यिक मित्रांनाही हाच प्रश्न आहे. पोरांसाठी गेल्या दहा वर्षांत तुम्ही काय भरवलेत? अध्यक्षीय भाषण सोडून?

माझी सूचना लहान आहे. उधना ते नंदुरबार या मार्गावरच्या गावांतून दहाबारा मराठी, गुजराती शाळांनी प्रत्येकी चार मुले द्यावीत. देव दिवाळीला डाव सुरू व्हावेत, खेळीला तीन दिवस, बक्षीस शून्य, नियम मुलांनी करायचे, आणि गुढीपाडव्यानंतरच्या एखाद्या रविवारी सगळ्यांनी नवापूरला भेटायचे. तिथल्या स्थानकाचा अर्धा भाग गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात असल्यामुळे मान कोणाचा हा वादही नको. चहापाण्याचा खर्च मी करीन. प्रत्येक शाळेला रोज दहा मिनिटे देणारा एक शिक्षक हवा. तेवढा एक ज्यांच्याकडे असेल त्यांनी कळवावे. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी निदान पुढच्या पालकसभेत ते वाक्य उच्चारू नये.