अपंगत्वाचा टक्का आणि जवानाचा हक्क

सैन्यात झालेली दुखापत किंवा सेवेमुळे बळावलेला आजार किती, हे सैन्याचे वैद्यकीय मंडळ टक्क्यांत ठरवते. प्रत्यक्ष लढाईतील जखमांची गोष्ट वेगळी. पण एरवी हा टक्का २० च्या खाली गेला, की अपंगत्वाचे निवृत्तिवेतन थांबते. म्हणजे २० आणि १९ यांतला फरक कागदावर एकाचा असला, तरी त्यावर एखाद्या घरचा किराणा आणि औषधपाणी अवलंबून असते.

म्हणूनच फेरतपासणीत टक्का घटला तर माजी सैनिकाने गप्प बसू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. हुकूम मानण्याची सवय अंगात मुरलेली असते. परंतु मंडळाचा अहवाल हा हुकूम नव्हे. ते वैद्यकीय मत आहे आणि त्याविरुद्ध दाद मागता येते.

प्रकृती खरोखर सुधारली असेल तर टक्का कमी होणे रास्तच. मोडलेले हाड सांधते, जखम भरते. पण तोफांच्या आवाजाने कानाची नस निकामी झाली, तर ती पुन्हा जिवंत होत नाही. झिजलेला गुडघा विश्रांतीने नवा होत नाही. गोळीने आटोक्यात राहिलेला रक्तदाब म्हणजे बरा झालेला रक्तदाब नव्हे. अशा रुग्णाचा टक्का घटला, तर 'काय सुधारले?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

नियमही जवानाच्या बाजूने आहेत. संरक्षण मंत्रालयाच्या ७ फेब्रुवारी २००१ च्या पत्राने वारंवार होणाऱ्या फेरतपासण्या बंद केल्या. अपंगत्व कायमचे ठरले की तो निर्णय आयुष्यभरासाठी. जवानाने स्वतः मागणी केली तरच फेरविचार होतो. मोहिंदर सिंग प्रकरणात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की वरिष्ठ वैद्यकीय मंडळाकडून तपासणी न करता हिशेब खात्याने डॉक्टरांचा टक्का बदलू नये. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान तेव्हा निरोगी होता असेच धरावे, हे २०१३ मध्ये धरमवीर सिंग निकालाने पक्के केले. २०२३ च्या सप्टेंबरपासून नवे नियम आले आहेत. त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी आपल्याला कोणते नियम लागू होतात ते आधी विचारून घ्यावे.

निर्णय विरुद्ध गेला तर सहा महिन्यांच्या आत पहिले अपील करावे. तेही फेटाळले तर दुसरे. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे. तेथेही मुदत सहा महिन्यांचीच. मात्र सबळ कारण असल्यास उशीर माफ होऊ शकतो. अर्ज कसा लिहावा याची माहिती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते.

डॉक्टर म्हणून एवढेच सांगणे. मंडळाच्या अहवालाची प्रत मागून घ्या. जुनी कार्डे, क्ष-किरण चित्रे, कानाच्या तपासणीचे आलेख फेकू नका. मंडळासमोर दुखणे वाढवून सांगू नका आणि मर्दुमकीपोटी लपवूही नका. जिना चढता येतो का, मांडी घालून बसता येते का, रात्री झोप लागते का, हे जसे आहे तसे सांगा. ज्याने देशासाठी शरीर झिजवले, त्याने त्या झिजेचा हिशेब मागण्यात कमीपणा कसला?