डब्यातली दुसरी भाजी

भंडाऱ्यात सूर्य मुंबईपेक्षा साधारण पंचवीस मिनिटं आधी उगवतो. घड्याळ देशभर एकच असल्यामुळे हे आपल्या लक्षात राहत नाही. मुंबईत रस्त्यावरचे दिवे अजून चालू असतात तेव्हा इकडे वैनगंगेच्या पुलावरून दुधाचे कॅन घेऊन जाणाऱ्याला समोरचा रस्ता लख्ख दिसत असतो. सरकारी कार्यालय मात्र दोन्हीकडे पावणेदहालाच उघडतं. उजेडाच्या हिशेबानं कामावर निघण्याआधीची सकाळ आपल्या वाट्याला जास्तच येते. तरीही साडेआठ वाजले की आपल्या घराघरांत जी तारांबळ उडते, ती मुंबईपेक्षा तसूभरही कमी नसते.

याचं कारण आळस आहे असं मला वाटत नाही. आपली सकाळ मुळात ठासून भरलेली आहे आणि ती भरण्यात उन्हाचा मोठा वाटा आहे. मे महिन्यात दहाच्या पुढे बाहेरचं काम करवत नाही, म्हणून बाजार, शेतावरची चक्कर, गुरांचं पाणी, कुणाच्या घरी जाऊन येणं, सगळं सकाळीच उरकायचं. मार्च-एप्रिलात कोका आणि नागझिऱ्याच्या कडेच्या गावांमधून माणसं उजाडायच्या आत टोपली घेऊन निघतात, कारण मोहफुलं रात्री-पहाटे गळतात आणि उशीर केला तर ती गुरांच्या आणि हरणांच्या तोंडी लागतात. मेमध्ये तेंदूपत्ता येतो. आषाढ लागला की रोवणी. या सकाळी निसर्गानं ठरवलेल्या असतात आणि त्यांच्यात फारसा फेरफार करता येत नाही.

ज्यांना ठरलेल्या वेळी कुठल्या तरी दारात पोचायचं असतं, त्यांच्या सकाळीत मात्र फेरफार करता येतो. वरठीच्या कारखान्यात सकाळपाळीला जाणारे, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत जाणारे, डोंगरी आणि चिखल्याच्या मँगनीज खाणीत उतरणारे, शाळांमधले शिक्षक, तहसील आणि जिल्हा परिषदेतले कर्मचारी, नागपूरला अप-डाऊन करणारे. यातल्या शेवटच्या मंडळींची एक जास्तीची अडचण आहे. भंडारा रोड स्टेशन भंडारा शहरात नाही, वरठीत आहे. गाडी पकडायची तर आधी गाडी काढून स्टेशन गाठायचं, तिथे ती उभी करायला जागा शोधायची आणि मग फलाटावर धावायचं. रेल्वेच्या वेळापत्रकात ही मिनिटं कुठेच दिसत नाहीत. ती घरातल्या सकाळीतूनच कापली जातात.

कार्यालयाची वेळही अलीकडे थोडी सरकली आहे. 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. शनिवार मोकळा झाला याचा सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. पण त्या बदल्यात मुंबईबाहेरची दहाची वेळ पावणेदहावर आली आणि संध्याकाळ सव्वासहापर्यंत लांबली. सकाळची पंधरा मिनिटं म्हणजे एक कुकर, किंवा मुलीची आंघोळ आणि वेणीफणी. ज्या बाईला दोन डबे भरून साकोलीची बस गाठायची असते, तिच्यासाठी तो बदल शनिवारच्या सुटीइतकाच मोठा होता.

या सगळ्यावर जो सल्ला हमखास मिळतो तो म्हणजे आणखी लवकर उठा. पहाटे पाचला उठा, चालायला जा, ध्यान करा, मग दिवस तुमचा. ज्याला ते जमतं आणि आवडतं त्यानं जरूर करावं. आपल्या विदर्भात तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळांनी गावागावांत सकाळच्या सामुदायिक ध्यानाची सवय रुजवली, ती फार मोलाची आहे. पण ध्यानाला बसायला मोकळा वेळ लागतो, आणि तो मोकळा करणारं घरात दुसरं कुणी तरी असावं लागतं. ज्या बाईची सकाळ पाचला सुरू होते आणि नऊपर्यंत तिचा हात थांबत नाही, तिला साडेचारला उठवलं तर त्या अर्ध्या तासातही एखादं काम येऊन बसतं. झोप तेवढी जाते. सकाळ सोपी होते ती कामं कमी केल्यानं आणि हात वाढवल्यानं. उठण्याच्या वेळेशी तिचा संबंध फार थोडा आहे.

कामं कमी करायची म्हणजे कुठली, याचा विचार मी आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून केला, आणि बहुतेक वेळ एकाच गोष्टीत जातो असं दिसलं. डबा.

आपला जिल्हा धानाचा. दोन्ही वेळ भात खाणाऱ्या घरात सकाळचा स्वयंपाक म्हणजे एक भात आणि एक वरण, नाहीतर रस्सा. माझ्या आजीच्या घरी एवढंच असायचं आणि कुणी उपाशी राहत नव्हतं. पोळी आमच्याकडे आली ती डब्याबरोबर. भात डब्यात गार होऊन कडक होतो, वरण सांडतं, म्हणून पोळी. पोळीबरोबर कोरडी भाजी हवी. ती मुलाला आवडत नाही म्हणून त्याच्यासाठी दुसरी. सासऱ्यांना पोळी चावत नाही, म्हणून त्यांच्यासाठी भातही लागतोच. असं करत करत सकाळी आठला दोन शेगड्यांवर चार भांड्यांची पाळी लागते, आणि हे सगळं एकट्या बाईनं एकाच तासात, ताजं आणि गरम करून वाढावं अशी घराची अपेक्षा असते. बोलून कुणी दाखवत नाही, पण ती असते.

दुसरी भाजी आमच्या घरात बंद झाली. तिच्या जागी जवसाची चटणी आली. आपल्याकडे धान निघालं की त्याच ओलीवर जवस, लाखोळी टाकतात, त्यामुळे जवस घरात असतातच. रविवारी दुपारी सासूबाई लोखंडी तव्यावर ते मंद आचेवर कोरडे भाजतात. दाणे आधी गप्प असतात, मग एकेक करून तडतडायला लागतात आणि तव्याबाहेर उड्या मारतात. तडतड थोडी मंदावली की लगेच उतरवायचे, कारण पुढे गेले की कडवट होतात. गार झाल्यावर लसूण, जिरं, लाल तिखट आणि मीठ घालून जाडसर कुटायचे. अगदी बारीक केले तर तेल सुटून गोळा होतो. काचेच्या बरणीत ही चटणी सहज आठवडाभर राहते. पोळीवर पसरून वर तेलाची धार सोडली की मुलगा ती भाजीपेक्षा आवडीनं खातो. या चटणीनं आमची रोजची किती धावपळ वाचवली ते आम्हा दोघींनाच ठाऊक आहे.

बाकीचं रात्रीवर ढकललं. जेवणं झाली, भांडी घासून झाली की गॅसचा ओटा मोकळा असतो आणि घरात कुणाला कुठे जायची घाई नसते. तेव्हा मेथी निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, शेंगा मोडून ठेवायच्या, कणीक मळून झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये, डाळ-तांदूळ मोजून कुकरजवळ. वांगी आणि बटाटे मात्र रात्री चिरू नयेत, काळे पडतात. डबे, पाण्याच्या बाटल्या, गाडीची चावी, ओळखपत्र, मुलाची सही करायची वही, सगळं दाराजवळच्या एकाच स्टुलावर. सकाळी सगळ्यात जास्त आरडाओरडा शोधाशोधीत होतो, आणि तो टाळायला एक स्टूल पुरतो. मोबाइल रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचा आणि घराबाहेर पडेपर्यंत त्याच्यावरचे सुप्रभाताचे निरोप बघायचे नाहीत, एवढं तर कुणालाही जमेल.

हे शहाणपण माझं नाही. आमच्या गल्लीत रोवणीला जाणाऱ्या बाया आहेत. आषाढात त्यांना वेळेवर बांधीत उतरावं लागतं, कारण सगळ्यांनी मिळून परे रोवायचे असतात आणि एकीसाठी बाकीच्यांची टोळी थांबत नाही. त्यांच्या घरी मी संध्याकाळी गेले की हंडे भरून झाकलेले असतात, तांदूळ निवडलेले असतात, चुलीजवळ काड्या रचलेल्या असतात. सकाळी एकच भात चढतो. त्याच्याबरोबर अंबाडीची भाजी, नसेल तर तिखट-मीठ आणि कांदा. तोच घरी खायचा, तोच शिदोरीत बांधायचा. दिवसभर चिखलात वाकून उभं राहायचं असल्यामुळे अंगातला जोर सकाळीच खर्चून चालत नाही, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. आम्ही पगारदार बायका मात्र घरूनच दमून कार्यालयात पोचतो आणि खुर्चीवर बसल्यावर पहिला श्वास घेतो.

तरी त्या बायांच्या घरीही सगळं करते ती बाईच. इथे माझा जीव अडकतो. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यानं माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याची देशभर पाहणी केली, आधी 2019 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये. 2024 च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचा बिनपगारी घरकामात दिवसाला सरासरी 289 मिनिटं वेळ गेलेला दिसतो, आणि पुरुषाचा 88 मिनिटं. यात एक गोष्ट नीट पाहायला हवी. ही 88 मिनिटं फक्त त्या पुरुषांची सरासरी आहे जे त्या दिवशी थोडंतरी घरकाम करतात. जे काहीच करत नाहीत ते या हिशेबात धरलेलेच नाहीत, आणि 2019 च्या पाहणीनुसार दिवसभरात थोडंही घरकाम करणारे पुरुष शंभरात फक्त 26 होते. बायका 81. म्हणजे चारपैकी तीन घरांत सकाळी एक धडधाकट माणूस चहाची वाट बघत बसलेला असतो, असं मी म्हटलं तर ते फार चुकीचं ठरू नये.

पुरुषांनी मदत करावी, असं म्हणणं मला पटत नाही. मदत म्हणजे काम तिचं आणि उपकार त्याचे. एकेक काम पुरतं ज्याच्या त्याच्या नावावर व्हायला हवं. आमच्याकडे सकाळचा चहा, मुलाची आंघोळ आणि त्याला शाळेत सोडणं ही माझ्या नवऱ्याची कामं आहेत. ती त्यानं केली की नाही हे मी विचारत नाही, आणि दूध संपलं तर आणायचं भानही त्यालाच ठेवावं लागतं. आठवण करून देणं हेसुद्धा एक काम असतं आणि ते फार दमवतं. सासऱ्यांनी अंथरुणं आणि झाडांचं पाणी आपणहून घेतलं. मुलगा चौथीत आहे, तो आपली बाटली आपण भरतो, बुटांना पॉलिश रात्रीच करून ठेवतो. सुरुवातीला पाहुण्यांपैकी काहींना हे खटकलं. आता त्यांच्यातल्या दोघींनी आपल्या घरी हेच सुरू केलं आहे, याचा मला खूप आनंद वाटतो.

एका बाबतीत सरकारनं सकाळीकडे लक्ष दिलं, त्याची नोंद घ्यायला हवी. डिसेंबर 2023 मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी लहान मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून शाळेच्या वेळेचा विचार व्हावा असं सुचवलं. त्यानंतर फेब्रुवारी 2024 मध्ये शिक्षण विभागानं पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत असा निर्णय घेतला. साडेसहाला मूल झोपेतून ओढून काढणं, त्याला अर्धवट दूध पाजून रिक्षात बसवणं, हे ज्यांनी केलं आहे त्यांना या निर्णयाची किंमत कळेल. अडचण एवढीच की नोकरी करणाऱ्या आईबापांना त्याच सुमारास निघावं लागतं, आणि एकत्र कुटुंब नसेल तर शाळेत सोडणार कोण हा प्रश्न उरतो. तो शाळा, रिक्षावाले आणि पालकांनी एकत्र बसून सोडवायचा आहे. आमच्या गल्लीत तीन घरांनी मिळून पाळी लावली आहे आणि ती चांगली चालते.

आता राहिला नळ. घरात कितीही नीट आखलं, तरी पाणी कधी येणार हे माहीत नसेल तर सगळं कोसळतं. नळ कधी सहाला येतो, कधी साडेसातला, कधी विजेच्या खोळंब्यामुळे टाकीच भरत नाही आणि मग दुपारी येतो. ज्या घरात मोठी टाकी आणि मोटर नाही, तिथे कुणाला तरी त्याची वाट बघत थांबावं लागतं, आणि ते कुणी तरी बहुधा कामावर जाणारी बाईच असते. जलजीवन मिशननं 2019 नंतर घरोघरी नळ पोचवण्याचं मोठं काम हाती घेतलं, ते गरजेचंच होतं. पण पाणी किती आलं याच्याइतकंच ते कधी आलं हेही सकाळच्या वेळी महत्त्वाचं असतं. वेळ ठरवावी, ती पाळता येत नसेल तर आदल्या संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर कळवावं. यासाठी निधी लागत नाही, नवी योजना लागत नाही, पाणी सोडणाऱ्या माणसाकडे एक फोन असला की पुरे.

ग्रामसभेच्या आधी बायकांची स्वतंत्र सभा घ्यावी अशी तरतूद आपल्या कायद्यात आहे. येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेआधी आमच्या गावात ती होईल तेव्हा नळाच्या वेळेचा विषय मी मांडणार आहे. रोवणीच्या बायांशी बोलणं झालं आहे. त्यांना पाणी सहाच्या आत हवं आहे, आम्हा नोकरीवाल्यांना सातपर्यंत चालेल. तेव्हा सहाचीच वेळ मागायची असं ठरलं आहे.