४७ एफ/१४ आणि मे महिन्यातली दुपार

पावसाळा सरता सरता आमच्याकडे आलेल्या छायाचित्रांचा गठ्ठा उघडला की देवकुंडचा धबधबा, कासचं पठार आणि राजमाचीची वाट यांचीच गर्दी दिसते. फोटो चांगले असतात, पण बरेचसे एकाच दगडावर उभं राहून काढल्यासारखे वाटतात. कारण उघड आहे. कुणीतरी नकाशावर पिन टाकतं, तिच्याखाली फोटो जोडतं आणि पुढचे सगळे गाडी काढून थेट तिथे पोचतात. अशी पिन शोधताना आपण दुसऱ्याने काढलेला फोटोच शोधत असतो. प्री-वेडिंगचं काम करणाऱ्या आपल्या व्यावसायिक मित्रांनाही ही सवय जडली आहे, म्हणून या महिन्यात थोडं नकाशा वाचण्याबद्दल.

सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट मिळवायला एके काळी खेटे घालावे लागत. आता १:५०,००० प्रमाणाची शीट त्यांच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून फुकट उतरवून घेता येते. पुणे शहर ज्या शीटवर येतं तिचा जुना क्रमांक ४७ एफ/१४. एका शीटमध्ये साधारण २६ बाय २८ किलोमीटरचा मुलूख मावतो, म्हणजे सातशे चौरस किलोमीटरहून जास्त. समोच्च रेषा दर २० मीटरला असतात आणि त्या एकमेकींना चिकटल्या की तिथे कडा आहे, हे ट्रेकर मंडळी जाणतातच. छायाचित्रकाराने पुढचा प्रश्न विचारायचा : या कड्याचं तोंड कुठे? सह्याद्रीची मुख्य धार कोकणाकडे, म्हणजे पश्चिमेकडे तुटते. सूर्योदयाला धापा टाकत माथ्यावर पोचलेल्यांना कातळ सावलीतच मिळतो. त्यावर ऊन येतं ते दुपार कलल्यावर. पहाट गाठण्याचा हट्ट इथे उगाचच आहे.

ॲपमधल्या सूर्योदयाच्या वेळेचंही तसंच. फोटोपिल्स असो की सनकॅल्क, सूर्योदयाची जी वेळ ठळक दिसते ती क्षितिज मोकळं आहे असं धरून काढलेली असते. गावाच्या पूर्वेला एक किलोमीटरवर दोनशे मीटर उंचीचा डोंगर असेल तर तो सुमारे ११ अंश आकाश झाकतो, आणि सूर्य आपल्या अक्षांशावर तासाला १४ अंशांच्या आसपास चढतो. म्हणजे पहिलं ऊन तिथे जवळपास पाऊण तास उशिरा पोचणार. गूगल अर्थच्या डेस्कटॉप आवृत्तीत सूर्याची पट्टी सरकवली की डोंगर लक्षात घेऊन हा हिशेब घरबसल्या ताडून पाहता येतो. आणखी एक : परदेशी पुस्तकांतला सोनेरी प्रकाशाचा तास आपल्याकडे तासभर टिकत नाही. सूर्य जवळजवळ सरळ वर चढत असल्याने सहा अंशांची उंची तो २५-३० मिनिटांत ओलांडतो.

पण खरी गंमत भर दुपारी आहे. मे महिन्यात अकरानंतर कॅमेरा पिशवीत ठेवायचा, असं आपण सगळेच शिकलो. आता बारव डोळ्यांसमोर आणा. खोल, चौकोनी, चारही बाजूंनी भिंती. हिवाळ्यात ऊन वरच्या काही पायऱ्यांवरच रेंगाळतं आणि तळ काळोखात राहतो. शून्य सावलीच्या दिवशी मात्र सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि प्रकाश थेट पाण्यापर्यंत उतरतो. सावंतवाडीकडे हा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यात तेरा तारखेच्या आसपास आणि धुळ्याकडे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात येतो. जुलै-ऑगस्टमध्ये तो पुन्हा येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात. मधल्या काळात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, म्हणून एरवी सावलीत राहणाऱ्या मंदिराच्या उत्तर भिंतीवरची शिल्पंही उजळतात. महाराष्ट्र बारव मोहिमेने राज्यभरातल्या शेकडो बारवा ऑनलाइन नकाशावर आणल्या आहेत. त्यातली एखादी बहुतेक वाचकांना दुपारचं जेवण आटोपून जाऊन येण्याइतकी जवळ असेल.

तारखेचा हा खेळ कोल्हापूरकरांना नवा नाही. अंबाबाईच्या देवळात मावळतीचे किरण मूर्तीपर्यंत पोचतात तो किरणोत्सव ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी असा दोनदा होतो, कारण २१ डिसेंबरच्या अलीकडे आणि पलीकडे जवळपास सारख्याच अंतरावर सूर्य त्याच जागी मावळतो. हा नियम कुठेही चालतो. गल्लीच्या तोंडाशी मावळणारा सूर्य ढगांमुळे हुकला, तर त्या दिवसापासून २१ डिसेंबरपर्यंतचे दिवस मोजा आणि तेवढेच पुढे जा. उन्हाळ्याच्या बाजूला हेच २१ जून धरून करायचं. एवढ्यासाठी ॲपही लागत नाही, भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं.

पाणी असलेल्या जागांना मात्र उपग्रहाची चित्रं हवीत. इंदापूर तालुक्यात पळसदेवचं जुनं पळसनाथ मंदिर उजनी धरणाच्या पाण्यात आहे. उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपून उजनी पार मायनसमध्ये गेलं की ते वर येतं. कधी, हे विचारायला गावात फोन करावाच, पण युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं कोपर्निकस ब्राउझरवर दर काही दिवसांनी फुकट मिळतात. १० मीटरच्या तपशिलात देवळाचे खांब दिसणार नाहीत, पण पाण्याची कड किती मागे सरकली ते स्पष्ट दिसतं. पावसाळ्यात ढगांमुळे याचा उपयोग नाही.

शहरात स्ट्रीट व्ह्यू पाहून घ्यावा. २०२२ मध्ये तो पुणे, मुंबई, नाशिक आणि अहमदनगरसकट दहा शहरांत सुरू झाला. विजेच्या तारा, होर्डिंग आणि गाडी लावायची जागा एवढं कळलं तरी पुरे. ड्रोन नेणार असाल तर उडवायला मुभा कुठे आहे ते रंगांनी दाखवणारा सरकारी डिजिटल स्काय नकाशा आधी बघा.

यातलं काहीही तिथल्या गुराख्याला विचारण्याची जागा घेत नाही. बंद झालेली वाट, खाजगी झालेलं पठार, जत्रेचा दिवस हे त्यालाच ठाऊक असतं. आणि घरटी, गुहा किंवा नाजूक सडे यांची नेमकी जागा आपण नकाशावर टाकू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तालुक्याचं नाव पुरेसं आहे.

पुढच्या उन्हाळी अंकासाठी आम्ही वाचकांकडून फक्त एका प्रकारचे फोटो मागवत आहोत : तुमचं घर ज्या टोपोशीटवर येतं, त्याच शीटच्या चौकटीत काढलेले. सोबत शीटचा क्रमांक, तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याची दिशा लिहा. देवकुंडचे फोटो या खेपेस कृपया पाठवू नका, तुम्ही माणगाव तालुक्यात राहत नसाल तर.