जेवला नाही म्हणून एक वर्ष

दोस्त, मारेगावला पहाटे चारला उठून बघ. वणीच्या रस्त्यावर आपली पोरं धावताना दिसतील. बौद्ध मोहल्ल्यातली, कोलाम पोडावरची. बापानं कापसाच्या रानात हाडाची काडं केलेली. गेल्या दिवाळीत गोदीतून सुटी काढून गावी गेलो तर काका म्हणाला, "तू तं राह्यला बोजे उचलत. या पोट्ट्याले तरी फौजेत जाऊ दे. वर्दीवाल्याले कोनी हात नाई लावत."

खरंय काका. पण कोणत्या वर्दीवाल्याला?

आम्ही जिथं जहाजं रिकामी करतो तिथून कुलाब्याकडं नेव्हीचं राज्य सुरू होतं. तिथला कमांडर कावस नानावटी. २७ एप्रिल १९५९ ला त्यानं बायकोच्या यारावर, प्रेम आहुजावर, जहाजावरून आणलेल्या रिव्हॉल्व्हरनं गोळ्या झाडल्या. खटला साध्या सेशन्स कोर्टात चालला, पण साहेब राहिला नेव्हीच्याच ताब्यात. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतानं सोडला. हायकोर्टानं ११ मार्च १९६० ला जन्मठेप दिली. त्याच दिवशी राज्यपालांनी शिक्षा थांबवून टाकली, अन् सुप्रीम कोर्टातलं अपील संपेपर्यंत त्याला नेव्हीच्याच कैदेत, 'कुंजाली'त ठेवा म्हणून हुकूम काढला. अटकेचं वॉरंट आलं तसं परत गेलं. सुप्रीम कोर्टानं तो हुकूम मोडला, १९६१ ला जन्मठेप कायमही केली. पण १९६४ ला माफी मिळाली नि साहेब बाहेर. त्याच्यावर सिनेमे निघाले. 'रुस्तम' तर आपल्याच पोरांनी शिट्ट्या मारून पाहिला.

आता दुसरा वर्दीवाला घे. रणजीत ठाकूर. सिग्नलमन, म्हणजे साधा जवान. याच्यावर सिनेमा नाही. यानं कुणाला मारलं नाही. आपल्या कमांडिंग ऑफिसरविरुद्धची तक्रार थेट वरच्या साहेबांना धाडली, म्हणून त्याच ऑफिसरनं त्याला २८ दिवसांची सक्तमजुरी दिली. ती भोगताना २९ मे १९८५ ला त्याला हुकूम झाला, जेव. तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी समरी कोर्ट मार्शल. कोर्टात तोच ऑफिसर. शिक्षा एक वर्ष सक्तमजुरी, वर बडतर्फी.

जेवला नाही म्हणून! अन् तिकडं तीन गोळ्या झाडून माफी.

सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर १९८७ ला हे सगळं रद्द करून त्याला पगारासकट कामावर घ्यायला लावलं. ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच न्यायाला बसतो, ही शिक्षा ऐकून मनाला धक्का बसतो, असं कोर्ट म्हणालं. धक्का! मी गोदीत मुकादमाशी भांडलो तेव्हा चौकशीला मुकादमाचाच साहेब बसला होता. मला धक्काबिक्का बसला नाही. निकाल मला आधीच ठाऊक होता.

पण खरी मेख आर्मी ॲक्टच्या ११६ व्या कलमात आहे. समरी कोर्ट मार्शलमध्ये कमांडिंग ऑफिसर एकटाच कोर्ट. बाजूला दोघं हजर असतात, पण न्याय करणारा तो एकटा. अन् हे कोर्ट ऑफिसरला लागूच नाही, सुभेदार-नायब सुभेदारालाही नाही. खालच्यांसाठीच काढलेलं. आपल्या गावच्या शिवेवर जशी वेगळी विहीर होती तसं हे वेगळं कोर्ट. कायदा १९५० चा, अजून जिवंत आहे. अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी जाणारं पोरगंही याच कायद्याखाली.

यावर शिस्तवाले म्हणतील, लढाईत वकील शोधत बसायचं का? लढाईचं सोड. हा जवान छावणीतल्या कोठडीत ताटासमोर बसला होता.

थोडं बदललंय, नाही म्हणत नाही. २००९ पासून लष्करी न्यायाधिकरण चालू आहे. बडतर्फी किंवा तीन महिन्यांवर कैद झाली तर समरी कोर्ट मार्शलविरुद्ध तिथं जाता येतं. मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की त्या न्यायाधिकरणाच्या निकालावर हायकोर्टातही रिट करता येते. म्हणजे आपल्यासाठी नागपूर. वणीहून बस मिळते, वकिलाचे पैसे मिळत नाहीत.

अन् बाहेरच्या कोर्टाचं तरी कुठं सोनं लागून गेलंय? १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. पहिल्यांदाच अडकलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढला की त्याला जामिनावर सोडायचं, फाशी-जन्मठेपेची कलमं सोडून. टाळ्या! पण ४७९ कलम पुढं वाच. एकाहून जास्त खटले चालू असतील तर ही सूट नाही. मोर्च्याला गेलेल्या आपल्या कुठल्या पोरावर एकच केस असते? सांग ना.

फौजेत जाऊ नका असं मी म्हणत नाही. रामजी सुभेदारांच्या लेकानं आपल्याला उभं केलं. फौजेची दारं बंद झाली तेव्हा ती उघडावी म्हणून आपल्या म्हाताऱ्यांनी अर्ज लिहिले. पण सुभेदाराच्या खाली जो उभा असतो त्याचं कोर्ट वेगळं आहे, हे भरतीच्या मैदानावर कुणी सांगत नाही.

मी काकाच्या पोराला सांगितलं. तो बुटाची नाडी बांधत होता. म्हणाला, "दादा, पहिले भरती तं होऊ दे." अन् गेला पळत अंधारात. त्याच्या वहीत मी ११६ लिहून ठेवलं, खाली माझा फोन नंबर.