इशारा निघाला, पण पोचला का?

२० जुलै २०२३ च्या सकाळी महाराष्ट्रातले असंख्य फोन एकाएकी मोठ्याने वाजू लागले. पडद्यावर आपत्तीचा इशारा होता आणि ही केवळ चाचणी असल्याचा खुलासाही. खरं संकट आलं तर इशारा लोकांच्या हातातल्या फोनपर्यंत पोचेल की नाही, एवढंच सरकारी यंत्रणेला पाहायचं होतं. संकट नसताना वाट तपासली, म्हणूनच त्या चाचणीला अर्थ होता.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला इशाऱ्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. ताडोबाच्या बफरमधल्या सीतारामपेठेत कॅमेरे वाघ ओळखून गावाला सावध करतात. पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की भामरागडचा संपर्क तुटतो, म्हणून पावसाळ्यात नदीच्या पातळीवर सगळ्यांचे डोळे असतात. अशा मुलखात कुणी वन्यजीव छायाचित्रकार वर्षानुवर्षांची छायाचित्रं किंवा कुणी अभ्यासक आपल्या नोंदी घरातल्या सर्व्हरवर ठेवतो, तेव्हा त्या यंत्राचा इशाराही तितक्याच गांभीर्याने घ्यायला हवा. जुन्या संगणकावर लिनक्स टाकून केलेला सर्व्हर असो की दोन डिस्कची विकत आणलेली पेटी, बिघाड कळवण्याचा त्यांचा जुना आणि सवयीचा मार्ग एकच: ईमेल.

बिघाडही गप्प राहणारे असतात. दोन डिस्कवर तोच डेटा ठेवणाऱ्या रचनेत एक डिस्क गेली तरी काम सुरूच राहतं. फोटो उघडतात, फाइली जतन होतात, मालकाला काहीही जाणवत नाही. दुसरी डिस्क जाईपर्यंत त्याला सावध करू शकते ती फक्त सर्व्हरने पाठवलेली मेल. तीच गोष्ट उष्णतेची. बहुतेक घरगुती हार्ड डिस्कना साधारण ६० अंश सेल्सिअसपर्यंत चालण्याची मुभा असते. पण नवतप्यात चंद्रपुरात पारा ४५ च्या वर जातो आणि लाइन गेली की कूलर बंद पडतो. यूपीएसवर चालणारा सर्व्हर मात्र त्या बंद खोलीत तापत राहतो. तापमानावर नजर ठेवणारा ‘स्मार्टडी’ हा प्रोग्राम अशा वेळी इशारा लिहितो. तो मालकाच्या हाती पडत नाही, तेव्हा शोध कुठून सुरू करायचा?

सर्व्हरपासूनच. त्याच्यावर मेल पाठवणारा प्रोग्राम आहे का, हा पहिला प्रश्न. उबुंटू किंवा डेबियनची आटोपशीर मांडणी केली, तर तो बहुधा नसतोच. ठरलेल्या वेळी कामं करणारा ‘क्रॉन’ मग लॉगमध्ये नोंद करतो, की टपाल नेणारं कुणी नाही, मजकूर टाकून दिला. प्रोग्राम असला तरी मेल बाहेर पडेलच असं नाही. लिनक्सवर व्यवस्थेच्या सूचना ‘रूट’ या खात्याच्या नावे निघतात आणि त्या खात्याची पेटी त्याच यंत्रावर असते. रूटची मेल कुणाच्या खऱ्या पत्त्यावर वळवायची हे सांगितलं नसेल, तर सगळे इशारे तिथेच साठत जातात.

दुसरा टप्पा घराच्या उंबऱ्यावरचा. एका मेल सर्व्हरने दुसऱ्याला टपाल द्यायचं ते पोर्ट २५ या क्रमांकाच्या दारातून, ही पद्धत १९८२ साली ‘एसएमटीपी’ हे मेल नेण्याचे नियम लिहिले गेले तेव्हापासूनची. पुढे व्हायरस शिरलेले घरगुती संगणक मालकाच्या नकळत स्पॅम ओकू लागले आणि जगभरच्या इंटरनेट कंपन्यांनी घरगुती जोडण्यांवर हा पोर्ट बंद करायला सुरुवात केली. स्पॅमहाउससारख्या संस्था तर थेट मेल येऊ नये अशा घरगुती आयपी पत्त्यांच्या याद्याच ठेवतात. त्यात आपल्याकडे कित्येक घरांना मिळून बाहेर एकच पत्ता दिसतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या बाधित संगणकाची बदनामी आपल्याही वाट्याला येते. म्हणून घरच्या सर्व्हरने स्वतः टपाल वाटण्याच्या फंदात पडू नये. ज्या सेवेकडे आपलं खातं आहे, तिच्या सर्व्हरकडे पोर्ट ५८७ वरून नाव-पासवर्ड देऊन मेल सोपवावी. हा पोर्ट १९९८ साली नेमका याच कामासाठी वेगळा काढला गेला. जोडणी बराच वेळ ताटकळून तुटली, तर बहुधा वाट अडवलेली असते. लगेच क्रमांकासह नकार आला, तर समजावं की पलीकडच्या सर्व्हरपर्यंत आपण पोचलो आहोत.

तो क्रमांक नीट वाचला तर निम्मा शोध तिथेच संपतो. दोनने सुरू होणारा क्रमांक म्हणजे स्वीकार, चारने सुरू होणारा म्हणजे थोड्या वेळाने पुन्हा या, पाचने सुरू होणारा म्हणजे साफ नकार. ५३५ दिसला तर घोळ पासवर्डचा. जीमेलने ३० मे २०२२ पासून साध्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रामना प्रवेश देणं थांबवायला सुरुवात केली, आणि त्याआधी बसवलेल्या असंख्य यंत्रांचे इशारे मुके झाले. आता खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून सोळा अक्षरी ‘ॲप पासवर्ड’ घ्यावा लागतो. मात्र खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की जुने ॲप पासवर्ड रद्द होतात. फोन हरवला म्हणून मालक पासवर्ड बदलतो आणि त्याच क्षणी घरातल्या सर्व्हरची वाचा जाते. ही गोष्ट बदलाच्या दिवशी लक्षात येणं कठीण.

२५० असा क्रमांक आला तरी निश्चिंत होता येत नाही. पोस्टाच्या पेटीत पत्र पडलं, इतकाच त्याचा अर्थ. पत्र घरी पोचल्याची ती पावती नव्हे. पाठवणाऱ्याचा पत्ता ‘रूट ॲट लोकलहोस्ट’ असा असेल, तर पलीकडचा सर्व्हर संशय घेणारच. स्वतःच्या डोमेनचा पत्ता वापरायचा असेल, तर त्या डोमेनच्या नावे कुणी मेल पाठवावी हे सांगणारी एसपीएफ नोंद आणि मेलवरची डीकेआयएम सही हवी. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी हे नियम आणखी कडक केले आहेत. घरगुती वापरासाठी सोपं म्हणजे ज्या खात्यातून मेल जाते, तोच पत्ता पाठवणारा म्हणून लावावा आणि पेटीत असा फिल्टर ठेवावा की ही मेल स्पॅममध्ये जाणार नाही.

घड्याळाकडे तर कुणाचंच लक्ष जात नाही. जुन्या संगणकाची मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली असली, तर बराच वेळ वीज गेल्यानंतर तो भलत्याच तारखेला जागा होतो. रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंत तर घड्याळाची सोयच नव्हती. तारीख मागे असली की मेल सेवेचं सुरक्षा प्रमाणपत्र सर्व्हरला अजून लागूच न झालेलं वाटतं आणि तो जोडणी नाकारतो. नेटवरून वेळ जुळेपर्यंत इशारा अडकून राहतो.

अडकून राहिला तर ठीक, हरवू नये. या भागात हे फार महत्त्वाचं आहे. पुरात किंवा वादळात झाड पडून फायबर तुटली, तर जोडणी तासन्‌तास बंद राहू शकते. ‘पोस्टफिक्स’ हा मेल पाठवणारा प्रोग्राम न गेलेली मेल रांगेत ठेवतो आणि वेगळं काही सांगितलं नसेल तर पाच दिवस प्रयत्न करत राहतो. ‘एमएसएमटीपी’ हा छोटा प्रोग्राम बसवायला सोपा, पण मुळात तो रांग ठेवत नाही. नेट नसताना निघालेला इशारा गेला तो गेलाच. भामरागड, एटापल्लीकडच्या सर्व्हरला रांग हवीच. आणि यूपीएसवर सर्व्हरबरोबर राउटर व फायबरची डबीही जोडायला हवी, नाहीतर ‘वीज गेली’ हे सांगायला सर्व्हर जागा असतो, पण रस्ता बंद.

एवढं करूनही एक बिघाड उरतो. बंद पडलेला सर्व्हर स्वतःच्या मरणाची मेल पाठवू शकत नाही. त्यासाठी उलटी व्यवस्था लागते: सर्व्हरने दर तासाला बाहेरच्या एका ठिकाणी हजेरी लावायची आणि हजेरी चुकली तर त्या ठिकाणाने मालकाला कळवायचं. ‘हेल्थचेक्स’सारखी मुक्त स्रोत प्रणाली हे काम करते. नागपूर-पुण्यातल्या नातेवाइकाच्या घरी दुसरं छोटं यंत्र ठेवूनही हे जमतं.

आणि चाचणी. स्मार्टडी सुरू होतानाच चाचणीची मेल पाठवेल अशी सोय त्यात आहे, डिस्कच्या जोड्या सांभाळणाऱ्या ‘एमडीएडीएम’मध्येही आहे. एकदा नवतप्याआधी आणि एकदा मृगाआधी या दोन्ही मेल पाठवून पाहाव्यात, यूपीएसचा प्लग काढून वीज गेल्याची तिसरी मेल येते का तेही बघावं. इशारे ज्या पत्त्यावर जातात, त्यासोबत दुसऱ्या माणसाचाही पत्ता आवर्जून घालावा. ताडोबाच्या कोअरमध्ये सफारीला मोबाईल सोबत नेता येत नाही, आणि ज्याची छायाचित्रं त्या डिस्कवर आहेत तो नेमका तिथेच असण्याची शक्यता सर्वांत जास्त.